ताज्या फाइलीचे पाच तास

गुरुवार, १४ डिसेंबर २०२३. पुढच्या सगळ्या वेळा भारतीय आहेत. घटना लेजर या फ्रेंच कंपनीची, आणि तिने नंतर जाहीर केलेल्या अहवालात वेळा पॅरिसच्या आहेत. त्यांत साडेचार तास मिळवून त्या इथे घेतल्या आहेत, कारण मीरा रोड-भाईंदरमध्ये घराच्या हॉलमध्ये किंवा भाड्याच्या छोट्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या वेबसाइटी सांभाळणाऱ्या माणसाला हा दिवस आपल्या घड्याळावर दिसायला हवा.

लेजर क्रिप्टो चलनाच्या चाव्या सांभाळणारं पेनड्राइव्हएवढं यंत्र विकते. वाचकाचा क्रिप्टोशी काही संबंध नसेल तरी हरकत नाही. त्या दिवशी यंत्र फुटलं नाही, बँक फुटली नाही, कुणाचा सर्व्हरही फुटला नाही. एक जावास्क्रिप्ट फाइल बदलली. ती फाइल दुसऱ्यांच्या वेबसाइटींवर आपोआप ताजी होत असे, आणि सगळा अनर्थ त्या ‘आपोआप’मधून आला.

त्याच्या पुष्कळ आधी

लेजरचं यंत्र इतरांच्या वेबसाइटींना जोडता यावं म्हणून कंपनीने ‘कनेक्ट किट’ नावाची लायब्ररी बनवली होती. साइटवर ‘वॉलेट जोडा’ असं बटण असतं, त्यामागे चालणारा हा कोड. तो वापरायचा कसा? एक रस्ता असा की लायब्ररीची प्रत आपल्या साइटीत घ्यायची आणि नवी आवृत्ती आली की स्वतः बदलायची. दुसरा, कंपनीला पसंत असलेला रस्ता असा की साइटीत फक्त एक छोटा ‘लोडर’ ठेवायचा. पान उघडलं की लोडर बाहेरून खरी लायब्ररी मागवतो आणि पानात घालतो. म्हणजे साइटवाल्याने एकदा लोडर बसवला की त्याचं काम संपलं. पुढे कंपनीने काहीही सुधारलं तरी ते सगळीकडे पोचणार.

ही सोय आळसातून आलेली नाही, हे आधीच सांगायला हवं. दुसऱ्यांच्या साइटींवर चालणारा कोड ज्याने कधी दिला आहे त्याला हे दुखणं माहीत असतं. समजा तुमचा चॅटचा चौकोन किंवा पैसे भरण्याचं बटण पाचशे साइटींवर आहे आणि त्यात खोट निघाली. पाचशे जणांना मेल पाठवायचा, आणि मग वाट बघायची. भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. त्यांतल्या एखाद्या मालकाची वेबसाइट कुणीतरी कधीतरी करून दिलेली असते. त्याला तुमचा मेल मिळाला तरी तो काय करणार? ज्याने साइट केली तो मुलगा आता पुण्याला नोकरीला असतो. खोट तशीच राहते, वर्षानुवर्षं राहते. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या कित्येक वर्षांपूर्वीच्या, भोकं माहीत असलेल्या आवृत्त्या आजही असंख्य पानांवर चालतात त्या याच कारणाने. म्हणून कोड देणाऱ्याला वाटतं, आवृत्ती ठरवण्याचा अधिकार आपल्याच हातात असावा.

लेजरच्या लोडरने हा अधिकार एका आकड्यात मागितला होता. आवृत्तीचा क्रमांक तीन आकड्यांचा असतो. पहिला बदलला तर मोठा फेरबदल, दुसरा बदलला तर नवी सोय, तिसरा बदलला तर किरकोळ दुरुस्ती. त्या वेळची चांगली आवृत्ती होती १.१.४. लोडर मात्र १.१.४ मागत नव्हता. फाइलीच्या पत्त्यात पॅकेजच्या नावापुढे नुसतं ‘@१’ होतं. अर्थ असा की १ ने सुरू होणाऱ्या मालिकेतली जी सगळ्यात नवी असेल ती द्या.

हा पत्ता होता जेएसडिलिव्हर या सीडीएनचा. जगभर सर्व्हर असलेली ही मोफत सेवा, आणि तिचं काम सरळ आहे. एनपीएम या सार्वजनिक भांडारात जे पॅकेज प्रसिद्ध होईल त्यातली फाइल ती जवळच्या सर्व्हरवरून देते. ती फाइल बरी की वाईट हे ती तपासत नाही, आणि तसं वचनही तिने कधी दिलेलं नाही.

आता साखळी बघा. साइटवाल्याचा विश्वास लोडरवर, लोडरचा ‘@१’वर, ‘@१’चा एनपीएमवर, आणि एनपीएमचा त्या खात्यावर, ज्याला या पॅकेजची नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा हक्क आहे. लेजरमध्ये कोड तपासल्याशिवाय पुढे जात नसे. एका माणसाने लिहिलं तर दुसऱ्यांनी वाचायचं, हा नियम होता. पण हा नियम कंपनीच्या आतल्या वाटेवर होता. एनपीएमवर थेट जाऊन प्रसिद्ध करणाऱ्याला तिथे कुणी अडवत नव्हतं.

आणि त्या हक्कदारांच्या यादीत कंपनी सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्याचं नाव शिल्लक होतं. कंपनीच्या आतल्या सगळ्या यंत्रणांतून त्याचा प्रवेश काढलेला होता. एनपीएम ही बाहेरची जागा, तिथला राहून गेला. सोसायटीचा जुना वॉचमन नोकरी सोडून गेला, गेटची किल्ली त्याने परत केली, पण गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची त्याच्याकडेच राहिली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, असा हा प्रकार.

गुरुवारी सकाळी

वेळ नक्की जाहीर झालेली नाही. त्या माजी कर्मचाऱ्याला फिशिंगमध्ये कुणीतरी अडकवलं. हाती लागला तो पासवर्ड नव्हे, सेशन टोकन. एकदा नीट लॉगिन झाल्यावर ब्राउझरजवळ राहतो तो परवाना. तो ज्याच्याकडे असेल त्याला पुन्हा काही विचारलं जात नाही. खात्याला दुहेरी पडताळणी होती, पण पडताळणी दारावर होते आणि हा परवाना दारातून आत गेल्यानंतरचा.

दुपारी २:१९. इशाऱ्याला तीन तास छपन्न मिनिटं

एनपीएमवर कनेक्ट किटची १.१.५ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिसरा आकडा एकाने वाढला. बाहेरून बघणाऱ्याला किरकोळ दुरुस्ती.

या क्षणाचं गांभीर्य कळायला एक गोष्ट डोळ्यांपुढे आणावी लागते. कनेक्ट किट वापरणाऱ्या साइटींपैकी एकीचाही कोड बदलला नव्हता. त्यांच्या सर्व्हरच्या नोंदी स्वच्छ, गिटहबवर नवी कमिट नाही, शेवटचं डिप्लॉय जेव्हा झालं होतं तेव्हाचंच. कुणी कसून तपासणी केली असती तरी आपल्या घरात त्याला काही सापडलं नसतं. पण त्यांच्या पानांत येणारी फाइल आता दुसऱ्याच्या हातात होती.

आणि पानात आलेल्या फाइलीला ब्राउझर परकं मानत नाही. कुठल्याही सर्व्हरवरून आलेली स्क्रिप्ट एकदा पानात चालू झाली की तिला पानाच्या मालकाच्या स्क्रिप्टइतकेच हक्क. ती मजकूर वाचू शकते, बटणाचा अर्थ बदलू शकते, फॉर्ममध्ये टाइप होणारं अक्षर न् अक्षर दुसरीकडे पाठवू शकते, साइटीच्याच रंगात नवी खिडकी उघडू शकते. पत्त्याच्या पट्टीत नाव बरोबर असतं, कुलूपही असतं. वापरणाऱ्याने सावध राहावं असा उपदेश इथे लागू पडत नाही, कारण सावध माणसाला जे तपासायला शिकवलेलं असतं ते सगळं बरोबरच दिसतं.

दुपारी ३:१४. तीन तास एक मिनिट

१.१.६ आली. पहिल्या दोन आवृत्त्यांमध्ये चोरीचा कोड थेट भरलेला नव्हता. त्या एनपीएमवरचंच आणखी एक पॅकेज ओढून आणत होत्या. त्या पॅकेजचं नाव म्हणजे अर्थ नसलेली अक्षरं आणि आकडे.

दुपारी ४:०७. दोन तास आठ मिनिटं

१.१.७. आता मध्यस्थ पॅकेजची गरज नव्हती. चोरीचा कोड फाइलीतच होता. हा कोड ‘एंजल ड्रेनर’ या नावाने ओळखला जातो आणि भाड्याने मिळतो. चोरी करणाऱ्याने साइट किंवा फाइल गाठायची, हत्यार पुरवणाऱ्याने हिस्सा घ्यायचा.

काम असं चालायचं. माणूस नेहमीच्या साइटवर येतो. वॉलेट जोडण्याची खिडकी येते. तो जोडतो. मग सही मागणारी विनंती येते. लेजरच्या यंत्राच्या छोट्या पडद्यावर त्या विनंतीचा मजकूर पुष्कळदा वाचण्याजोगा नसायचा, नुसती अक्षरांची माळ. रोज तसंच दिसतं म्हणून लोक मान्य करायचे. याला तिथले लोक ‘ब्लाइंड सायनिंग’ म्हणतात, डोळे मिटून केलेली सही. ती झाली की पैसे गेले. आणि ज्याने लेजरचं यंत्र आयुष्यात विकत घेतलं नाही, दुसऱ्याच कंपनीचं वॉलेट वापरतो, तोही सुटत नव्हता. साइटवर कनेक्ट किट असलं की पुरे.

ज्यांनी १.१.४ असा पूर्ण क्रमांक लिहून लायब्ररीची प्रत आपल्या साइटीत बांधून घेतली होती, त्यांच्याकडे या तीन आवृत्त्यांतली एकही गेली नाही. त्यांनी काही विशेष शहाणपण केलं होतं असं नाही. नव्याची घाई केली नव्हती, एवढंच.

संध्याकाळी ५ वाजता. सव्वा तास

या तासात जाहीर असं काही घडलं नाही. जगभरच्या साइटींवर फाइल वाटली जात होती. लेजरच्या अंदाजाने पैसे प्रत्यक्ष लुटले गेले तो काळ एकूण दोन तासांपेक्षाही कमी आहे. तो याच टप्प्यात कुठेतरी मोडतो.

हा रिकामा तास आहे तर एक प्रश्न इथेच विचारून घेतो. हे थांबवण्याचं साधन नव्हतं का?

होतं, आणि जुनं होतं. ‘सबरिसोर्स इंटिग्रिटी’ नावाची सोय २०१६ साली वेबच्या अधिकृत प्रमाणांत आली. बाहेरच्या फाइलीचा पत्ता लिहिताना तिच्याशेजारी त्या फाइलीचा हॅश लिहायचा. फाइलीतल्या मजकुरावरून गणिताने काढलेला तो ठसा. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा जुळत नाही, आणि जुळला नाही तर ब्राउझर ती फाइल चालवतच नाही. चोराने सीडीएन ताब्यात घेवो की एनपीएमचं खातं, उपयोग शून्य.

पण ठसा ठरलेल्या फाइलीचाच असतो. ‘जी सगळ्यात नवी असेल ती’ हिचा ठसा आधी कसा लिहिणार? नेहमी ताजं हवं आणि ठसाही हवा, या दोन मागण्या एका ओळीत बसत नाहीत. लेजरच्या लोडरने ताजेपणा निवडला होता.

हा धडा नवाही नव्हता. ११ फेब्रुवारी २०१८, रविवार. टेक्स्टहेल्प या कंपनीचं ब्राउझअलाउड नावाचं साधन वेबपानावरचा मजकूर वाचून दाखवत असे. वाचायला अडचण येणाऱ्यांसाठी ते होतं, म्हणून सरकारी साइटी ते आवर्जून बसवत. त्या रविवारी त्याच्या एका स्क्रिप्टमध्ये कुणीतरी क्रिप्टो खणणारा कोड घातला, आणि चार हजारांवर साइटींना भेट देणाऱ्यांचे संगणक परक्यासाठी राबू लागले. त्या साइटींत ब्रिटनच्या आरोग्यसेवेची पानं होती, अमेरिकेतल्या न्यायालयांची होती, आणि लोकांच्या माहितीचं रक्षण करणाऱ्या ब्रिटनच्या माहिती आयुक्तांची साइटही होती. स्कॉट हेल्म या सुरक्षा संशोधकाने ते उघड केलं आणि तेव्हाच ठशाचा उपाय सगळ्यांना समजावून सांगितला. चोराने त्या वेळी फक्त विजेवर आणि प्रोसेसरवर हात मारला. त्याच वाटेने फॉर्ममधला मजकूर गेला असता तरी त्याला कुणी अडवलं नसतं.

त्याहून आधीचं उदाहरण जेक्वेरीवाल्यांचं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. त्यांच्या सर्व्हरवर ‘जेक्वेरी-लेटेस्ट’ नावाची फाइल होती. सदैव नवी. साइटी तो पत्ता लिहून मोकळ्या व्हायच्या. २०१४ साली त्यांनी सांगितलं की हा पत्ता वापरू नका, आणि ती फाइल १.११.१ या आवृत्तीवर कायमची गोठवली. नवी मोठी आवृत्ती तिथे चढवली असती तर एका रात्रीत अगणित साइटी मोडल्या असत्या. फाइल त्यांची, सर्व्हर त्यांचा, हेतू चांगला. तरीही त्याला न विचारता दुसऱ्याचं घर बदलण्याची ही ताकद आपल्याकडे नको, असं त्यांनी ठरवलं.

संध्याकाळी ६:१५. इशारा

चर्चगेटहून सुटलेल्या विरार लोकल भाईंदरच्या माणसांनी भरायला लागल्या तेव्हा लेजरला कळलं. स्वतःच्या कुठल्या घंटेमुळे नव्हे. ब्लॉकएड ही सुरक्षा कंपनी आणि इतर काही जण बाहेरून ओरडले. सुशी या व्यवहार साइटचे तंत्रप्रमुख मॅथ्यू लिली यांनी एक्सवर लिहिलं की पुढची सूचना येईपर्यंत कुठल्याच डीअ‍ॅपला हात लावू नका, सर्रास वापरला जाणारा एक जोडणी कोड बिघडवला गेला आहे. डीअ‍ॅप म्हणजे वॉलेट जोडून वापरायच्या साइटी. कुठल्याच, असं म्हणावं लागलं, कारण कोणाच्या पानात कनेक्ट किट आहे आणि कोणाच्या नाही याची यादी कुणाकडेच नव्हती. वापरणाऱ्याला तर ते कळण्याचा मार्गच नव्हता.

सगळ्यात वाईट वाटतं ते रिव्होक डॉट कॅशबद्दल. आपण चुकून कुणाला पैसे काढण्याची परवानगी दिली असेल तर ती रद्द करण्यासाठी लोक या साइटवर जातात. चोरीची बातमी आली की घाबरलेला माणूस पहिल्यांदा तिथेच धाव घेणार. त्या साइटवरही कनेक्ट किट होतं. तिच्या चालकांनी ती तात्पुरती बंद केली आणि उघडपणे सांगितलं की आम्हीही सापडलो आहोत. हा प्रामाणिकपणा त्या गोंधळात लाखमोलाचा होता.

लिली यांनी लेजरला जाहीरपणे धारेवर धरलं. सीडीएनवरून जावास्क्रिप्ट घेतली, आवृत्ती बांधून ठेवली नाही आणि सीडीएन फुटलं, असा त्यांचा आरोप. पहिल्या दोन मुद्द्यांवर ते बरोबर होते. तिसरा मुद्दा त्या धामधुमीत चुकला. सीडीएन फुटलं नव्हतं. त्याने त्याला जे दिलं गेलं ते इमानेइतबारे सगळीकडे पोचवलं. फुटलं होतं ते एनपीएमवरचं एक खातं.

संध्याकाळी ६:४८

लेजरने चाळीस मिनिटांच्या आत खरी आवृत्ती चढवली, १.१.८. हे काम त्यांनी झपाट्याने केलं, ते मान्य करायलाच हवं. आणि विशेष म्हणजे ज्या ‘@१’ने विष पोचवलं त्याच ‘@१’ने उताराही पोचवला. साइटवाल्यांना काहीच करावं लागलं नाही. आपोआप ताजं होण्याच्या बाजूने जे बोलतात त्यांचा हा खरा मुद्दा आहे, आणि तो खोडून काढता येत नाही.

पण फाइल चढवली म्हणजे पोचली असं होत नाही. सीडीएनचा वेग कॅशमुळे असतो. प्रत्येक ठिकाणचा सर्व्हर फाइलीची प्रत जवळ ठेवतो आणि मूळ भांडाराला वारंवार विचारत नाही. जेएसडिलिव्हरवर १.१.४ सारखा पूर्ण क्रमांक असलेली फाइल वर्षभर जपून ठेवतात, कारण ती कधी बदलायचीच नसते. ‘@१’ सारख्या सैल पत्त्यासाठी सर्व्हर बारा तासांपर्यंत जुनी प्रत देऊ शकतो आणि वापरणाऱ्याचा ब्राउझर सात दिवसांपर्यंत. घाईने कॅश पुसायला लावता येतो, पण तो सर्व्हरवरचा. भाईंदरच्या एखाद्याच्या लॅपटॉपमध्ये उतरलेली प्रत पॅरिसहून कोण पुसणार? लेजरने लोकांना कनेक्ट किट पुन्हा वापरण्याआधी चोवीस तास थांबायला सांगितलं ते यासाठीच.

संध्याकाळी ७:२५

चोराच्या पत्त्यावर जमा झालेलं यूएसडीटी हे क्रिप्टो चलन ते काढणाऱ्या टेदर कंपनीने गोठवलं. वॉलेट साइटींना जोडून देणाऱ्या वॉलेटकनेक्टने चोराने त्यांच्या सेवेत उघडलेला बनावट प्रकल्प बंद केला. याच सुमारास, पहिल्या खोट्या आवृत्तीला पाच तास होत असताना, विषारी फाइल सीडीएनवरून पुरती गेली.

नुकसान साधारण सहा लाख डॉलर, तेव्हाच्या भावाने पाचेक कोटी रुपये. क्रिप्टोच्या जगात हा आकडा लहान मानतात. लुटल्या गेलेल्या माणसाला तो लहान नसतो. लेजरचे प्रमुख पास्काल गोतिए यांनी पत्र लिहून जबाबदारी घेतली, आणि पुढच्या आठवड्यात कंपनीने अहवालासोबत जाहीर केलं की ज्यांचे पैसे गेले त्यांना ते भरून देऊ आणि जून २०२४ पर्यंत डोळे मिटून सही करण्याची पद्धत आपल्या यंत्रावरून काढून टाकू. आपल्या कर्मचाऱ्यांना या पॅकेजवर थेट प्रसिद्ध करण्याचा हक्क उरू नये अशी व्यवस्थाही केली.

नंतर

आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या आदेशाप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते. नियम योग्य आहे. पण या प्रकरणात सुरुवात, लूट, शोध आणि दुरुस्ती हे सगळं मिळून पाच तासांत आटोपलं. म्हणजे खरं काम आधी करून ठेवायचं असतं.

ते काय, हे स्पष्ट लिहितो, कारण इथे जो कुणी दुकानदाराची, शाळेची, दवाखान्याची साइट करून देतो त्याच्या हातात ते आहे. पानात बाहेरून येणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टचा पत्ता काढून बघा. त्यात पूर्ण क्रमांक आहे का? ‘लेटेस्ट’ किंवा नुसता पहिला आकडा असेल तर तो बदला. फाइल ठरलेली असेल तर शेजारी ठसा लिहा. ज्या पानावर पैसे किंवा आधार क्रमांक भरले जातात तिथे चॅटचा चौकोन, नकाशा, भेटी मोजणारा कोड यांतलं काहीही नको. आणि बांधून ठेवलेली आवृत्ती कधी बदलायची याची तारीख वहीत लिहा, नाहीतर ती जेक्वेरीसारखी सडते. हे काम बिलात वेगळं लावा. मालकाला ते समजावून सांगता येतं, लोक दरवर्षी दुकानाच्या विम्याचे पैसे भरतातच.

दुसऱ्यांना कोड देणाऱ्यांची जबाबदारी याहून मोठी. लोडर ठेवायचाच असेल तर त्याने नेमकी आवृत्ती आणि तिचा ठसा मागावा, आणि हे दोन्ही सांगणारी छोटी यादी स्वतःच्या ताब्यातल्या सर्व्हरवर असावी, जिचा कॅश काही मिनिटांचा असेल. क्रमांक लिहिलेली फाइल वर्षभर कॅशमध्ये राहू दे, ती कधी बदलू नका. मग उतारा मिनिटांत पोचतो आणि एनपीएमचं खातं गेलं तरी विष पोचत नाही. नवी आवृत्ती आधी शंभरातल्या एका भेटीला द्या, काही तास बघा, मग पुढे जा. आणि प्रसिद्ध करण्याचा हक्क कोणाकोणाला आहे ती यादी माणूस नोकरी सोडतो त्याच दिवशी उघडा, बाहेरच्या सेवांसकट.

ठशाचा उपाय प्रत्येक ठिकाणी चालत नाही, हे लेजरनंतर सहाएक महिन्यांतच दिसलं. पॉलिफिल डॉट आयओ ही सेवा जुन्या ब्राउझरांना नव्या सोयी पुरवायची. येणाऱ्याचा ब्राउझर बघून ती प्रत्येकाला वेगळी फाइल बनवून देई, त्यामुळे एक ठरलेला ठसा लिहिणं शक्यच नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते डोमेन फनल या चिनी कंपनीकडे गेलं. मूळ प्रकल्प सुरू करणारे अँड्र्यू बेट्स यांनी तेव्हाच लिहिलं की तुमच्या साइटवर ही स्क्रिप्ट असेल तर लगेच काढा, आजच्या ब्राउझरांना तिची गरजही उरलेली नाही. २५ जूनला सॅनसेक या कंपनीने जाहीर केलं की ती फाइल मोबाइलवरून येणाऱ्यांना, ठराविक वेळा साधून, भलत्याच साइटींवर पाठवते आहे. क्लाउडफ्लेअरने आपल्या ग्राहकांच्या पानांतला तो पत्ता स्वतः बदलून द्यायला सुरुवात केली आणि नेमचीपने डोमेनच बंद केलं. फेब्रुवारी ते जून असे चार महिने मिळाले होते. तो पत्ता तेव्हाही एक लाखाहून जास्त साइटींवर होता.